श्रीखंडाचा डबा

माणसाचा जगावरचा विश्वास उडायला सुरुवात नेमकी कुठून होते, यावर थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. माझा उडाला तो आमच्या फ्रीजमधून. दुपारची वेळ, घरात निजानीज, मी मांजराच्या पावलांनी जाऊन फ्रीज उघडतो. समोर श्रीखंडाचा डबा. झाकणावर ठळक अक्षरांत नाव, बाजूला केशराच्या काड्यांचं चित्र. अधीर हातांनी झाकण काढावं, तर आत निवडलेली कोथिंबीर! दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात मोड आलेली मटकी, तिसऱ्या दिवशी साय आणि गणपतीच्या दिवसांत दूर्वांच्या जुड्या. पन्नास वर्षांच्या संसारात त्या डब्यात श्रीखंड म्हणून एकदाच निघालं, तेही आंबलेलं. हिच्यापाशी तक्रार केली तर ही म्हणते, "अहो, डब्यावर काय लिहिलंय ते वाचतं का कुणी?"

आता घरातल्या डब्याबद्दल तक्रार करून जायचं कुठे? शिवाय डब्यांच्या बाबतीत हिचा शब्द अखेरचा, हे मी केव्हाच मान्य केलेलं आहे. पण तोच प्रकार माझ्या संगणकानं माझ्याशी केला, तेव्हा मात्र मला राहवेना.

मी लिनक्सवाला आहे. हे वाक्य मी 'मला मधुमेह आहे' या चालीवर म्हणतो, म्हणजे समोरचा आपोआप सहानुभूतीनं बघू लागतो. लिनक्स म्हणजे संगणकाचं गाडं आतून हाकणारा गाडीवान. 1991 साली फिनलंडमधल्या लिनस टॉर्व्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं तो घडवायला घेतला आणि जगाला फुकट देऊन टाकला. मग ज्यानं त्यानं त्याच्याभोवती आपापला संसार मांडला. त्यामुळे तांदळात जसे आंबेमोहोर, कोलम, इंद्रायणी, तसे लिनक्सचेही वाण झाले. त्यातला माझा वाण कोणता, ते मी सांगणार नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव चारचौघांत घेत नसत. पुढं जे गाऱ्हाणं मांडायचं आहे ते पाहता मीही तीच रीत पाळतो. जाणकार ओळखतीलच. इतरांचं काही अडत नाही.

2007 साली मी बँकेतून निवृत्त झालो. भाच्यानं एका संध्याकाळी येऊन माझा पत्ता कुठंसा कळवला आणि काही आठवड्यांनी परदेशातून टपालानं एक सीडी दारात आली. फुकट! टपालखर्चसुद्धा त्यांचा. (ती सोय 2011 साली बंद झाली.) पोस्टमननं पाकीट उलटसुलट करून विचारलं, "काका, मुलगा तिकडं असतो वाटतं?" पुण्यात राहणाऱ्या निवृत्त माणसाला साता समुद्रांपलीकडून एक पैसा न मोजता काही घरपोच मिळालं, तर तो त्या वस्तूशी जन्मभर एकनिष्ठ राहतो. मीही राहिलो. देवनागरी टंकलेखन शिकलो, काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं बडवून हुकूम सोडायला शिकलो आणि सोसायटीत विनाकारण आदरास पात्र झालो.

लिनक्समध्ये नवा प्रोग्राम हवा असला की त्याचं पॅकेज आणायचं, म्हणजे बांधलेली पुडी. माझ्या वाणाचं मूळ घराणं डेबियन. हे घराणं 1993 साली इयान मर्डॉक नावाच्या तरुणानं काढलं आणि आपल्या प्रेयसीचं, डेब्राचं, नाव पुढं आणि स्वतःचं मागं जोडून 'डेबियन' केलं. आपल्याकडे बंगल्यांना 'सुमधुर' वगैरे नावं असतात, त्यातली सुमन कोण आणि मधुकर कोण हे शेजाऱ्यांनाच माहीत असतं, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच, की आपल्याकडे आधी लग्न, मग कर्ज, मग बंगला. या घराण्याच्या पुडीच्या शेवटी 'डेब' अशी तीन अक्षरं असतात. म्हणजे जगभरातले लाखो दाढीवाले लोक आजही पुडी सोडताना नकळत त्या बाईंचं अर्धं नाव घेतात.

या पुड्या आणून देणारा गडी म्हणजे ॲप्ट. हा 1999 साली डेबियनच्या घरात कामाला लागला. त्याच्या आधी फार हाल असत म्हणे. एक पुडी सोडावी तर ती म्हणे, मला अमुक पुडी हवी, ती आणावी तर तिला आणखी तिसरी हवी. ॲप्टनं हे सगळं आपल्या अंगावर घेतलं. तुम्ही फक्त नाव सांगायचं. काय काय लागेल, कुठून आणायचं, काय आधी सोडायचं, हे तो बघणार. स्वभावानंही गडी गमत्या. 'ॲप्ट-गेट मू' असं लिहिलं की पडद्यावर अक्षरांची एक गाय उभी राहते आणि आज तुम्ही हंबरलात का, असं विचारते. हिला दाखवली तर ही म्हणाली, "निवृत्तीनंतर माणसं देवधर्म करतात." मी म्हटलं, "ही गायच आहे की!"

इथं वाड्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझं लहानपण सदाशिवातल्या वाड्यात गेलं. बिऱ्हाडं चौदा, पण पाटा-वरवंटा एक, जातं एक, शिडी एक. ज्याला चटणी वाटायची असेल त्यानं खाली यावं. डेबची पद्धत अगदी अशीच आहे. प्रोग्राम चौदा असले तरी त्यांना लागणारी समाईक हत्यारं एकदाच ठेवायची आणि सगळ्यांनी वापरायची. जागा कमी लागते आणि पाटा फुटला तर एकच बदलून सगळ्यांची सोय होते.

पण वाड्यातल्या पाट्यावरून भांडणंही होत. टाकीवाली आली की पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणत, पाट्याला टाकी लावून घ्या, पार गुळगुळीत झालाय. तळमजल्यावरच्या मावशी म्हणत, आताच लावलीत तर माझ्या चटणीत कच येईल, चार महिने थांबा. प्रोग्रामांचंही तेच. एकाला समाईक हत्यार नवं हवं असतं, दुसऱ्याला जुनंच मानवतं. शिवाय वाण अनेक, प्रत्येक वाणाच्या आवृत्त्या अनेक आणि प्रत्येकीसाठी पुडी वेगळी बांधायची. बांधणारा बिचारा थकून जातो. तेव्हा कुणीतरी म्हणालं, हा समाईक कारभारच नको. प्रत्येक बिऱ्हाडानं येताना आपला पाटा, आपलं जातं, आपली शिडी आणि जमलं तर आपली विहीरही घेऊन यावी. या बंद डब्यांच्या पद्धतीतली एक म्हणजे 'स्नॅप'. 2016 साली ती माझ्या वाणात आली. दुसरी 'फ्लॅटपॅक', तिसरी 'ॲपइमेज'. सगळ्या लिनक्सवाल्यांना मिळून एकच पुडी असावी, हा तिघांचाही हेतू. गल्लीत एकच गणपती असावा या उदात्त विचारातून तिसरं मंडळ स्थापन होतं, तसं झालं.

डबा वाईट आहे असं मी म्हणत नाही. एकच डबा सगळीकडे चालतो. आत बसलेल्या प्रोग्रामला कुंपण असतं, त्यामुळे तो घरभर हिंडून तिजोऱ्या उघडू शकत नाही. ब्राउझरसारख्या बाहेर दहा ठिकाणी तोंड घालून येणाऱ्याला असं कुंपण असलेलं बरंच. नवी आवृत्तीही आपोआप येते. दिवसातून चार वेळा तो आपण होऊन चौकशी करतो, अंगात ताप असलेल्या मुलाच्या आईसारखा. पण त्याच्या काही सवयी मला सोसत नाहीत. नवा डबा आला तरी आधीचा एक तो जपून ठेवतो (ही सवय मला कुठंतरी पाहिल्यासारखी वाटते). डिस्कांची यादी मागितली की 'लूप' नावाच्या बिऱ्हाडांची रांग येते आणि आपली मूळ डिस्क त्यात वऱ्हाडात यजमान हरवावा तशी हरवते. संगणक सुरू केल्यावर पहिल्यांदा ब्राउझर उघडायचा तर, निदान सुरुवातीच्या काळात, माझा चहा पिऊन होई. हे पुढं बरंच सुधारलं. आणि एके दिवशी कोपऱ्यात पाटी झळकली : फायरफॉक्स बंद करा म्हणजे नवी आवृत्ती घेता येईल, तेरा दिवस उरले आहेत. तेरा! आपल्याकडे तेरा दिवसांचा हिशेब कशाचा करतात, हे त्या पाटी लिहिणाऱ्याला ठाऊक नसणार. ही मात्र ती वाचून दचकली. म्हणाली, "कोण गेलं?"

इतपत चाललं असतं. नवी पद्धत आली, ज्याला हवी त्यानं घ्यावी. मी डेबवर खूश होतो. खरी गोम पुढंच आहे. 2019 सालच्या शरदात क्रोमियम नावाचा ब्राउझर डेबमधून काढून स्नॅपमध्ये घातला गेला. जुन्या नावाची डेबची पुडी मात्र तशीच ठेवली, फक्त रिकामी! तुम्ही ॲप्टला म्हणायचं, क्रोमियम आण. तो इमानी गडी नेहमीची पुडी आणतो, पुडीत प्रोग्राम नसतो, एक चिठ्ठी असते : 'जा आणि स्नॅपचा डबा आणून बसव.' म्हणजे वरती श्रीखंड, आत कोथिंबीर. माझ्याच वाणाच्या पोटी जन्मलेल्या लिनक्स मिंट नावाच्या वाणानं 2020 साली यावर जाहीर नापसंती दाखवली आणि ॲप्टच्या मार्गानं स्नॅप घरात शिरायचा नाही, अशी कडी आतून लावून टाकली. मी ते वाचलं आणि 'काय ही भांडखोर माणसं' म्हणून पान उलटलं. दुसऱ्याच्या घरातलं भांडण नेहमी क्षुल्लकच असतं.

2022 सालच्या एप्रिलच्या आवृत्तीत फायरफॉक्सचंही तसंच झालं, तेही फायरफॉक्सवाल्यांच्या संमतीनं. ऑगस्टात माझ्या संगणकानं विचारलं, नवी आवृत्ती घेऊ का? मी म्हटलं, घे. फायरफॉक्सचा डबा बदलतोय, हे त्या गर्दीत कुठंतरी लिहिलेलं असणार. विम्याच्या कागदावरही सगळं लिहिलेलं असतंच.

आता आईबद्दल सांगायला हवं. माझी आई 2011 साली गेली. जाण्याआधी वर्ष-दोन वर्षं मी तिच्याजवळ बसून ती सांगेल ते संगणकावर उतरवून घेत असे. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तिथीचा स्वयंपाक काय करायचा, कसा करायचा, पान कसं वाढायचं, हे तिनं चार दुपारी बसून सांगितलं. मी बँकेतला माणूस, जे कानावर पडेल ते शब्दन् शब्द नोंदवायचं, ही जन्माची सवय. 'अळूची देठं सोलून घ्यायची, टाकायची नाहीत. आंबटाला आमसूलच. हे लिहू नकोस, पण तुझी आत्या चिंच घालते.' असं सगळं. भविष्यात कोणते प्रोग्राम राहतील, कोणते जातील, कुणी सांगावं? पण ब्राउझर तर राहीलच, अशा दूरदृष्टीनं मी ते साध्या वेब पानाच्या स्वरूपात ठेवलं. नातू तेव्हा चार वर्षांचा होता आणि दिसेल ती फाइल कचऱ्याच्या पेटीत ओढण्यात पटाईत होता. म्हणून मी फोल्डरच्या नावाआधी एक टिंब दिलं. लिनक्समध्ये नावाच्या सुरुवातीला टिंब असलं की ती वस्तू नजरेआड होते. फायरफॉक्समध्ये तेवढी त्या पानाची खूण करून ठेवली. अकरा वर्षं दर पितृपक्षात ती खूण दाबायची, पान उघडायचं, ही स्वयंपाकघरातून विचारणार आणि मी वाचून दाखवणार, असा आमचा शिरस्ता. दर वर्षी बघायला मिळतंय म्हटल्यावर पाठ कोण करतो?

त्या सप्टेंबरात अण्णांची तिथी आली. गुरुजी साडेदहाला येणार होते. अळू चिरून तयार होतं. ही आतून म्हणाली, "अहो, कारल्याच्या चकत्या किती वाढायच्या ते बघा हो, दोन की पाच?" मी खूण दाबली. पडद्यावर इंग्रजीत पाटी : 'ॲक्सेस टु द फाइल वॉज डिनाइड.' आणि खाली खुलासा, की ही फाइल वाचण्याजोगी नाही.

आईचं बोलणं वाचण्याजोगं नाही! हे तिच्या तोंडावर म्हणण्याची छाती उभ्या आळीत कुणाची झाली नव्हती.

पुन्हा दाबली. पुन्हा तेच. फोल्डर शोधायला गेलो तर दिसेना. टिंब मीच दिलेलं, हे बारा वर्षांत साफ विसरलो होतो. मग मात्र पोटात गोळा आला. फायली हरवतात, फोटो जातात, हे आपण ऐकतो. पण ते चार दुपारचं बोलणं दुसरीकडे कुठंही नव्हतं. तिचा आवाज मी कधी टिपून ठेवला नाही. होती ती एवढीच अक्षरं, आणि तीही बँकेतल्या कारकुनानं लिहिलेली. "सापडलं का?" ही आतून म्हणाली. मी "बघतो" म्हटलं आणि हैदराबादला भाच्याला फोन लावला.

"मामा, फाइल कुठंही गेलेली नाही," तो म्हणाला. "फायरफॉक्सला दिसत नाहीये, इतकंच."

"अरे, इतकी वर्षं दिसत होती ना?"

"तेव्हा तो डेबमधला होता. आता स्नॅपमधला आहे. त्याला घरात हिंडायची मुभा असते, पण टिंबवाल्या फोल्डरात जायला मनाई. तिथं लोकांच्या किल्ल्या, पासवर्ड असतात."

"मी कुठं मागितला होता स्नॅपमधला?"

"मामा, साडेनऊ वाजले. टिंब काढा."

कंट्रोल आणि एच दाबल्यावर पडद्याआडची सगळी मंडळी एकदम बाहेर आली आणि त्यांच्या घोळक्यात, टिंबाची टिकली लावून, आई होती. टिंब काढलं. पान उघडलं. मी मोठ्यांदा वाचलं, "'कारलं अण्णांना आवडत नसे, पण पानात लागतं. दोनच चकत्या, कडेला.'" आतून "हां, दोनच, मी म्हणतच होते" असा आवाज आला आणि तिथी वेळेवर झाली.

गुरुजी गेल्यावर विचार करत बसलो. नियम शहाणपणाचा होता, हे मला पटत होतं. किल्ल्यांच्या खोलीत परक्याला सोडू नये. टिंब मी दिलं होतं, विसरलो मी होतो. तरी राग जाईना. घरात नवा गडी ठेवायचा तर ठेवा, पण जुन्याच्या नावानं हाक मारल्यावर त्याचाच सदरा घालून नव्यानं 'ओ' का द्यावी? 'डबा बदलतोय, चालेल का?' एवढं सरळ विचारलं असतं, तर मी बहुधा 'हो'च म्हटलं असतं. नवीन म्हटल्यावर मला नाही म्हणता येत नाही. घरात तीन मिक्सर आहेत. आणि दुसऱ्याला टिंबाचे नियम शिकवणारा हा स्नॅप स्वतः काय करतो पाहा : माझ्या घराच्या ऐन दारात 'स्नॅप' नावाचं फोल्डर मांडून बसतो, बिनटिंबाचं! निदान याला तरी टिंब लावा हो, अशी तक्रार लोकांनी 2016 सालीच नोंदवलेली आहे.

2024 सालच्या जानेवारीत फायरफॉक्सवाल्यांनी स्वतःच डेबच्या पुड्यांचं दुकान उघडलं, तेव्हा मी भाच्याला सांगून ठेवलं. मे महिन्यात तो आला आणि बसला बसवायला. पण पूर्वीची ती रिकामी पुडी सुखासुखी जागा सोडीना. ॲप्ट दोन पुड्यांतली आकड्यानं मोठी असेल ती घेतो. खऱ्या फायरफॉक्सचा आकडा शंभराच्या पुढचा. रिकाम्या पुडीनं काय करावं? आपल्या आकड्याच्या आधी एक 'एक' आणि विसर्गासारखी दोन टिंबं लावून घेतलेली! ॲप्टच्या शास्त्रात या विसर्गापुढं शंभर काय, हजारही फिका. आत काही नसताना नुसत्या बिरुदावर थोरपण मिळवणारी माणसं मी बँकेत पाहिली होती, पुडी पहिल्यांदाच पाहिली. शेवटी भाच्यानं एका फाइलीत या नव्या दुकानाला हजार गुणांचा मान लिहून दिला, तेव्हा कुठं ॲप्टनं मान डोलावली आणि खरी पुडी आणली. झाकण काढलं, आत श्रीखंड.

खरं तर तोवर आमच्या घरात तिची निकड उरली नव्हती. त्या तिथीच्या दुसऱ्याच दिवशी हिनं मला ते सगळं कागदावर छापून आणायला लावलं होतं. पानं सात. ती आता मसाल्याच्या डब्याखाली असतात. पहिल्या पानावर हळदीचा अंगठा आहे, तिसऱ्यावर तेल सांडून अळू पारदर्शक झालं आहे. आता वाचून दाखवायला माझी गरज पडत नाही. ही चश्मा लावून स्वतःच वाचते, आणि मी नुसता स्वयंपाकघराच्या दारात उभा.

गेल्या पितृपक्षात असाच उभा होतो. वडे तळून ताटात ठेवले होते. हिची पाठ होती. ही पान उलटून वाचत होती. मध्येच थांबली आणि मोठ्यांदा म्हणाली, "इथं आईंनी काय सांगितलंय, ऐका. 'तुझ्या बायकोला म्हणावं, त्या दिवशी तुला स्वयंपाकघरात येऊ देऊ नको. नैवेद्याआधी चाखतोस. हे लिहू नकोस.'"

मी हातातला वडा परत ताटात ठेवला.